पदकावरचं नाव

वय भरत नव्हतं म्हणून व्यंकट थोरल्या भावाचा शाळेचा दाखला पळवून फौजेत भरती झाला, तेही कोंडीराम या भावाच्याच नावानं. भरतीचं वेड खरं तर कोंडीरामला. पण दाखलाच गेला, अन् तो गावी, लोहाऱ्याला शेतातच राहिला.

पंधरा वर्षांनी व्यंकट पेन्शनीत आला. गोळी झेलली त्यानं, अन् पदकावर नाव कोरलेलं दादाचं! ते दुरुस्त व्हायचं तर दादाचीच सही लागणार होती.

दादा दुष्काळी कामावर खडी फोडत होता. धोतराला हात पुसून त्यानं व्यंकटनं आणलेला कागद मोठ्यानं वाचला, "मी, कोंडीराम, कधीही फौजेत नव्हतो."

शेजारचे खडी फोडणारे खो खो हसले. "आता गं बया! कोंडीबा, हे सांगायला कागद कशाला पायजे?"

दादाही हसला. त्यानं सही केली. मग पदक हातात घेऊन, कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवत हळूच म्हणाला, "इथं मुकादम नुसतं कोंड्या म्हणतो. व्यंकटा, तिथं हजेरीला साहेब माझं नाव कसं पुकारायचा रं?"