वाकडं अंगण

पिन पुन्हा बारीक निघाली. दादाने ती मापून पाहिली, भंगाराच्या डब्यात भिरकावली आणि लेथच्या हँडलला एक शिवी हासडली.

"मशीन म्हातारं झालंय," तो म्हणाला. "मी नाही."

धाकट्या भावाने डब्यातली पिन उचलून पाहिली. वडील गेल्यावर दादानेच त्याला वाढवलं होतं, याच लेथवर शिकवलं होतं. तेव्हा धाकट्याने कधी मशीनला दोष दिला, की डोक्यात दादाची टपली बसायची. 'नाचता येईना, अंगण वाकडं!'

पण यावेळी अंगण खरंच वाकडं होतं. धातू कापणारं टूल पुढे सरकवणाऱ्या स्क्रूवरचा पितळी नट झिजला होता. हँडल पाव फेरा नुसतंच फिरायचं, मग कुठे टूल हलायचं. इतक्या जुन्या मशीनचा नट विकत मिळणार कुठे, आणि मिळाला तरी परवडणार कसा? धाकट्याने भंगारवाल्याकडून पितळेचा ठोकळा आणला आणि शेजारच्या वर्कशॉपमध्ये स्वतःच नट घडवला. तो बसवल्यावर हँडल इतकं चोख फिरलं, की दादा खुदकन हसला.

"आता पिन बिघडली तर चूक माझी," तो म्हणाला. "मग मी इथली पायरी चढणार नाही, बघ."

त्याने नवी पिन चकच्या जबड्यात धरली. जेवढं कापायचं तेवढं हँडल फिरवून कट दिला. फडक्याला हात पुसले. आणि मग तेच हँडल पुन्हा तेवढंच फिरवलं, जणू आधी फिरवलंच नव्हतं.

धाकट्याने ते पाहिलं. दादा विसरत होता.

ही पिनही बारीक निघाली. या वेळी दादाने ती भिरकावली नाही, शिवीही दिली नाही. पिन हातात घेऊन तो स्टुलावर बसून राहिला. जेवायला हाक आली, तेव्हा कसाबसा उठून घरी गेला.

त्या माणसाला लेथशिवाय दुसरं काही येत नव्हतं, आवडतही नव्हतं. धाकट्याला रडू फुटलं. नाक ओढत ओढतच त्याने टूलची स्लाइड खोलली, स्वतः घडवलेला नट काढला आणि झिजलेला पुन्हा बसवला. अंगण होतं तसं वाकडं करून ठेवलं.

दादा परतला. सवयीने हँडलला हात घातला. पाव फेरा मोकळाच गेला.

"माझा नट टिकला नाही, दादा," धाकटा खाली मान घालून म्हणाला. "पितळच कच्चं निघालं. आता असल्या ढिल्या मशीनवर एकट्याचं काम नाही. कट तू दे, कितीचा दिला ते मी लक्षात ठेवतो."

दादा हँडल मागेपुढे हलवत राहिला. ती ढिलाई त्याच्या मनगटाच्या ओळखीची होती. बऱ्याच वेळाने त्याने धाकट्याच्या डोक्यात हलकेच टपली मारली.

"बरं," तो म्हणाला. "पण तो नवा नट जपून ठेव. पुढे तुला लागेल."