घरबसल्या नोकरी

नांदेडात सकाळपासून चार दवाखाने झाले होते. चारही ठिकाणी एकच प्रश्न: अनुभव किती? आधी कुणी कामावर घेतलं तरच अनुभव मिळतो, एवढी साधी गोष्ट बी.एस्सी. नर्सिंग न करताही कळायला हरकत नव्हती. पण दवाखानेवाल्यांना ती कळत नव्हती, आणि पुनम आता पार वैतागली होती.

पाचव्या दवाखान्याचे मॅनेजर शेषेराव यांनी मात्र अनुभवाचं नावही काढलं नाही. तिचं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन त्यांनी उजेडात धरून पाहिलं आणि ते खूश झाले.

"हे ओरिजिनल आमच्याकडं राहू द्या. पगार महिन्याच्या महिन्याला खात्यावर येईल."

"ड्युटी कधीपासून, सर?"

"ड्युटी कशाची? घरीच राहा की नायगावला. पुढच्या आठवड्यात दवाखान्याची सरकारी तपासणी आहे, तेवढ्या दिवशी ड्रेस घालून या. दोन वर्षांनी अनुभवाचं सर्टिफिकेटपण देऊ."

शेजारी बसलेल्या हनुमंतरावांचा चेहरा एकदम खुलला. लेकीच्या रात्रपाळीच्या धास्तीनं त्यांना आठ दिवस धड झोप नव्हती. "देवमाणूस हायेत साहेब तुमी," म्हणत त्यांनी खिशातला पेन काढला. "सही कुठं करायची?"

तेवढ्यात समोरच्या वॉर्डातून एका म्हातारीनं हाक मारली. "सिस्टर! आगं, नळीत रगत चढून राहिलंय!"

पुनम उठून धावली. सलाईनची बाटली रिकामी झाली होती आणि नळी लाल होत वर चालली होती. खाटेजवळ गुलाबी ॲप्रनमधली एक पोरगी नुसती हात चोळत उभी होती. पुनमनं नळीचं चाक फिरवून सलाईन बंद केली, सुईची जागा दाबून पाहिली आणि म्हातारीला विचारलं, "दुखतंय का आजी?"

"न्हाई बाई. तू आलीस म्हणून बरं झालं."

"ताई, मला खरंच ठावं नव्हतं," पोरगी रडवेली झाली. "मागच्या महिन्यापर्यंत मी साडीच्या दुकानात होते."

शेषेराव दारात येऊन उभे राहिले होते. "मॅडम, पेशंटला हात लावायचं काम तुमचं नाही."

"मग कुणाचं?"

"हिचं." त्यांनी त्या पोरीकडं बोट दाखवलं. "तुमचं फक्त नाव."

"आणि आजीला काही झालं असतं तर?"

शेषेराव घड्याळाकडं पाहू लागले. पुनमच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं त्यांच्या हातातलं रजिस्ट्रेशन काढून घेतलं, तडक जाऊन टेबलावरची आपली फाईल उचलली आणि ती जिना उतरली. हनुमंतराव मागून, "आगं, थांब की! काय झालं काय?" करत आले.

बापलेक बसस्टँडवर आले. नायगावची गाडी लागायला वेळ होता. पुनम सहाव्या दवाखान्याला फोन लावत होती, तेव्हा हनुमंतरावांना घरून फोन आला.

"लागली होती गं नोकरी," ते कपाळावर हात मारून बायकोला सांगू लागले. "लई चांगली होती. पण हिला काम बी करायचंय म्हणं!"