चंदेरी पट्टी

गाडीच्या इंजिनातल्या तापणाऱ्या टर्बोजवळून जाणारा, इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा पाईप साध्या रबराचा टिकत नाही, तिथे सिलिकॉनचाच लागतो, हे साजगावच्या हरेश मेकॅनिकनेच झुहेबला पटवून दिलं होतं. पण तो पाईप मागवायचाच विसरला, आणि झुहेब गाडी न्यायला दारात हजर. विसरलो म्हणायला हरेशची जीभ रेटेना. त्याने साधा रबरी पाईप चढवला, वरून उष्णता अडवणारी चंदेरी पट्टी गुंडाळली आणि म्हणाला, "सिलिकॉनचा टाकलाय, आता बिनधास्त घाट चढ." पुढे कधीतरी गुपचूप बदलू असं त्याने मनाशी ठरवलं, आणि तेही राहून गेलं.

आठवड्याभरात बोरघाटातून झुहेबचा फोन आला. हरेश पोचला तेव्हा बॉनेटमधून वाफा निघत होत्या आणि झुहेबची आई कडेच्या दगडावर बसली होती.

"मघाशी एक मेकॅनिक थांबला होता, हरेशदादा," झुहेब रागातच होता. "बोलला, पट्टीच्या आत साधा रबर हाय. तुझ्यावर आळ घेतो म्हणून हाकलून दिला त्याला. हातसुद्धा लावू दिला नाय."

हरेशला मान वर करवेना.

"आता तूच सोड ती पट्टी. अम्मीला पण बघू दे."