काचपट्टीवरचा तुकडा

सूक्ष्मदर्शकाखालचा जिभेचा तुकडा काठापर्यंत गडद तपकिरी झालेला पाहून डॉक्टर मृण्मयी केळशीकर दचकल्या. एक एन्झाइम जास्त असलं, की हा रंग असा चढतो. आणि अशा जिभेचा कॅन्सर अगदी लहान असताना काढला तरी बहुधा परततो, असं त्यांच्या संशोधनात दिसत होतं.

तुकडा हरेश्वर तांडेलांचा होता. शस्त्रक्रियेनंतर ते ठणठणीत होते, मासळीच्या लिलावात पुन्हा बोली पुकारत होते. मृण्मयींनी त्यांना बोलावून घेतलं.

"खात्री नाही, पण पुन्हा तपासायला हवं."

तांडेलांचं हसू मावळलं. "मॅडम, बायको हल्ली माझ्याजवळ झोपत नाही. म्हणते, तुम्हाला झोप लागली की तुमची जीभ बोलते. आवाज तुमचा नसतो."

"काय बोलते?"

"'मी अजून इथंच आहे.' एवढंच."

मृण्मयींनी तांडेलांच्या जबड्याखाली बोटं फिरवली. वाटाण्याएवढी टणक गाठ हाताला लागली.

"आजच दाखल व्हा. अजून वेळ गेलेली नाही."

तांडेलांनी मान डोलावली. तोंड मात्र त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं होतं.