मिठाची झारी

झारीतलं मीठ विरघळेपर्यंत वेणूबाई काठीने पाणी ढवळत राहिली. जमिनीखालचं पाणी शोधायला आधी वरून पाणी ओतावं लागतं, तेही खारं, हे तिला आज सकाळीच कळलं होतं. कोरड्या मातीतून म्हणे करंट जात नाही. धायरीतल्या या सोसायटीला दिवसाला सहा टँकर लागायचे आणि त्यातलंच पाणी आता पाणी शोधायला निघालं होतं. शिकलेल्या माणसांचं काही खरं नाही. पण बागेत झाडलोट करणाऱ्या बाईचं मत कोण विचारतो?

सर्व्हेला आलेली राजनंदिनी हातोड्याने लोखंडी सळ्या ठोकत पुढे जायची आणि मागून वेणूबाई प्रत्येक सळीच्या बुडाशी झारी रिकामी करायची. मग वायरी जोडायच्या, यंत्राचं बटण दाबायचं, आकडा वहीत लिहायचा. यंत्र टिकटिक करी. एप्रिलच्या उन्हात वेणूबाईला ती टिकटिक रहाटाच्या कुरकुरीसारखी ऐकू येऊ लागली. पार्किंगमधल्या गाड्या हळूहळू विरळ झाल्या आणि त्यांच्या पलीकडे हिरवी ज्वारी डुलली. तिने डोळे चोळले तेव्हा गाड्या जागेवरच होत्या.

"गच्चीवरून खडकवासला धरण दिसतं, मॅडम," सावलीत उभे असलेले सेक्रेटरी सुदर्शन म्हणाले. "बघून तहान भागली असती तर तुम्हाला तसदी दिली नसती. आणि त्या जास्वंदीपाशी फार वेळ घालवू नका. उद्या तिथे ब्लॉक बसतायत. दोन गाड्या मावतात."

वेणूबाईने रिकामी झारी पुन्हा भरून घेतली. चार दिवसांपासून ती हे ब्लॉकचं ऐकत होती.

पुढची सळी नेमकी जास्वंदीपाशी आली. वेणूबाई झारी घेऊन उभी राहिली, ती राहिलीच.

"ओता ना, आजी."

"हितं मीठ नगं, ताई."

"का?"

"गोडं पानी हाय."

राजनंदिनी हसली. पण सळी हातोड्याच्या दुसऱ्याच घावाला मऊ मातीत सरकली आणि मिठाशिवायच करंट गेला. तिने खाली वाकून माती चिमटीत घेतली.

"इथे रोज कोण पाणी घालतं?"

पाणी वाया घालवणाऱ्याला कामावरून काढू, अशी पाटी गेटवर सुदर्शननीच लावली होती. वेणूबाईने एकदा त्यांच्याकडे पाहिलं. ते फोनवर होते. मग ती पुटपुटली, "आमचं रान व्हतं हितं. ह्या जागी हीर. सात परस खोल, सात मानसं एकावर एक उभी ऱ्हातील येवढी. बिल्डिंगच्या वक्ताला एका दिवसात राडारोडा टाकून बुजवली. रोज सकाळी घरनं एक तांब्या आणते. तिला तहान लागत असंल."

राजनंदिनीने चिमटीतली माती परत बुंध्याशी सोडली.

"त्या यंत्रात माझी कळशी दिसंल का? तांब्याची. लगीन होऊन आले, पयल्याच दिशी हातातनं सुटली."

राजनंदिनीने यंत्र उचलून थेट जास्वंदीच्या बुंध्याशी ठेवलं. दोन सळ्या दोन्ही बाजूंना लांब लांब नेत तिने एकेक आकडा घेतला. सळ्या जितक्या लांब, तितकं यंत्राला खोलवरचं कळतं, एवढं तिने वेणूबाईला सांगितलं. वेणूबाई उकिडवी बसली. दर टिकटिकीसरशी कुणीतरी अनवाणी एकेक पायरी खाली उतरतंय, भिंतीवरचं शेवाळ हाताला लागतंय, वरचं आभाळ ताटाएवढं, मग वाटीएवढं होतंय. तिला भीती वाटली नाही. फार बरं वाटलं.

शेवटचा आकडा राजनंदिनीने दोनदा घेतला.

"उद्याचे ब्लॉक थांबवा," ती सुदर्शनना म्हणाली. "बोअर इथेच घेऊन बघा."

"झाडाला कुणी चोरून पाणी घालत असेल. त्याचीच ओल तुमच्या यंत्राला लागली असणार."

वेणूबाई मान खाली घालून झारी पुसू लागली.

"वरची ओल तीच आहे," राजनंदिनी म्हणाली. "त्याखाली नुसता राडारोडा, कोरडा ठाक. आणि पस्तीस फुटांच्या खाली पुन्हा ओल आहे. भरपूर. ती वरून कुणी ओतलेली नाही. खात्री खणल्यावरच होईल, पण पूर्ण आवारात दुसरीकडे असा आकडा आला नाही."

सुदर्शन ब्लॉकवाल्याला फोन लावत निघून गेले. वायर गुंडाळता गुंडाळता राजनंदिनी वेणूबाईपाशी बसली.

"कळशी नाही दिसली, आजी. यंत्राला एवढं बारीक कळत नाही."

"नसू दे." वेणूबाईने उरलेलं खारं पाणी दूर रस्त्यावर नेऊन ओतलं, झारी खळखळून धुतली आणि तेवढ्यातच ती नव्या नवरीसारखी लाजली. "पन ताई, कळशी भरलेली असंल न्हवं?"