मीठ कमी

“‘मीठ कमी’ला किती पैसे लावायचे?” सॉफ्टवेअरवाल्याने टेबलांवर ठेवायच्या नव्या ऑर्डरच्या पाटीच्या स्क्रीनवरचा रिकामा चौकोन दाखवला. “शून्यही चालेल. पण थोडे लावले ना, की लोक उगाच मागत नाहीत.”

गल्ल्यावर बसलेल्या धाकट्या बहिणीने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे पाहिलं. आत तिचा भाऊ झारा घेऊन उभा होता आणि वेटर त्याला बजावत होता: कोपऱ्यातल्यांना मीठ कमी, दाराजवळच्या बाईंना तिखट बेताचं, त्यांच्या नवऱ्याला मासा आणखी परतून. दादा निमूट मान डोलवत होता. हिवाळ्यात तापाने त्याला अंथरुणाला खिळवलं होतं. उठला तो निम्मा होऊनच. डॉक्टर म्हणाले, जपा. पण जपायचं कसं? वडिलांमागे हे हॉटेल दोघांनीच ओढलेलं. ती गल्ल्यावर, तो शेगडीपाशी. आणि लोक तरी काय, जेवायला येतात की फर्माइशी करायला! त्यात दादाला अलीकडे नवीच खोड लागली होती. जरा उसंत मिळाली की टेबलांपाशी जाऊन विचारायचा, “मीठ बरोबर आहे ना? अगदी मोकळेपणाने सांगा.” असं विचारल्यावर कोण गप्प बसणार?

“लावा,” ती म्हणाली. “प्रत्येक बदलाला लावा. आणि असे लावा, की माणसाने दोनदा विचार करावा. माझा भाऊ काही लोखंडाचा नाही.”

त्या दिवसापासून तिने दादाचं टेबलांपाशी फिरणं बंद केलं.

“मग कुणाला काय हवंय, मला कळणार कसं?” तो म्हणाला.

“लोक टेबलावरच्या पाटीवर दाबतील, ते तुझ्यासमोरच्या पडद्यावर येईल.”

“नक्की येईल ना?”

“येईल रे बाबा!”

पडद्यावर पदार्थांची नावं येऊ लागली. सूप. मासा. भात. पुन्हा सूप. नावापुढे काही नाही. सुरुवातीला दादा हात पुसत पुसत पडद्याजवळ जायचा, डोळे बारीक करून बघायचा, काही राहिलं का म्हणून वेटरलाही विचारायचा. मग हळूहळू तो निवांत झाला. पातेलं ढवळताना शीळ घालू लागला. ती शीळ तिने तापानंतर पहिल्यांदाच ऐकली. “चिमे, तुझं यंत्र पावलं बघ,” तो म्हणाला, आणि तिला वाटलं, चला, आपण आयुष्यात एक तरी काम शहाणपणाचं केलं.

पण ताटं अर्धी परत येऊ लागली. मग टेबलं रिकामी राहू लागली. तिने समोरच्या खणलेल्या रस्त्याला दोष दिला, पलीकडे उघडलेल्या नव्या दुकानाला दिला. दोष द्यायला जागा कमी नव्हत्या.

शेजारचे शिंपीकाका मात्र वडिलांच्या वेळेपासून दुपारी इथेच जेवत. एक दिवस त्यांनीही सुपाचा वाडगा बाजूला सारला.

“काय हो काका, पोट बरं नाही?”

“पोटाला काय धाड भरलीय! खारट आहे गं. परवाही होतं.”

“मग सांगायचं नाही का?”

“सांगू कुणाला? या तुझ्या पाटीवर ‘मीठ कमी’ दाबलं की ती पैसे मागते. खारट तुम्ही करणार आणि दंड मी भरायचा?” ते हसले आणि उठले. “म्हटलं, राहू दे. मन नाही दुखवायचं.”

ती वाडगा घेऊन तडक आत गेली.

“दादा, हे चाखलंस?”

त्याने चमचाभर तोंडात घेतलं, शांतपणे गिळलं. “चांगलं झालंय की.”

तिने तोच चमचा बुडवून ओठांना लावला आणि मोरीकडे धावली. तोंड धुऊन वळली तेव्हा दादा जागचा हललाही नव्हता. त्याचा चेहरा उतरला होता.

“खारट आहे?” त्याने हळूच विचारलं.

“तुला कळत नाही?”

त्याने शेगडी बंद केली. “तापात जीभ गेली, चिमे. मीठ, आंबट, तिखट, काही म्हणजे काही लागत नाही. कुणाला सांगायचं? आचाऱ्याची जीभ गेली म्हटल्यावर उरलं काय?”

“मग इतके दिवस कसं...”

“लोक सांगायचे ना. चारजण ‘मीठ कमी’ म्हणाले, की पुढच्या पातेल्यात चिमूटभर कमी टाकायचं. तेवढ्यावर निभत होतं.”

तिने वाडगा मोरीत ओतला. दादा पडद्याकडे बघत होता.

“मग तिथे काहीच येईनासं झालं,” तो म्हणाला. “मला वाटलं, जमायला लागलं.”