पंचफुलाचं पोलकं

अकोल्याच्या सरकारी शिवणवर्गाचं प्रमाणपत्र आणि मशीन घेऊन पंचफुला गावी परतली. नवरा वारलेला, मागंपुढं कोणी नाही. आता शिवणावर पोट भरायचं होतं. नव्यानं बौद्ध झालेल्या वस्तीतल्या तिच्या ओट्याकडे महिनाभर वरच्या आळीतलं कोणी फिरकलं नाही. एका दुपारी पाटलाघरची पार्वताबाई आली. अंगणाबाहेरूनच तिनं कापड आणि जुनं पोलकं कुंपणावर टाकलं. "याच्या मापानं शिवजो," ती म्हणाली, "पण मले शिवू नको." पंचफुलानं गळ्यातली टेप सावरली. "अंगाचं माप घेतल्याबिगर मी शिवत नाई, बाई." "मग बस तशीच," म्हणत पार्वताबाईनं दोन्ही उचलून नेलं. वस्ती सारी कापूस वेचायला गेली होती. बोलायलाही कोणी नव्हतं. पंचफुलानं स्वतःसाठीच पोलकं बेतायला घेतलं. छाती मोजली, दंड मोजला. पाठीचं माप घ्यायला मात्र दुसऱ्या माणसाचा हात हवा होता.